देओची मोजदाद

माझी बहीण देओक्लेसिया हिला आमच्या सिपोआल गावात कुणी नुसत्या नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे देओआई म्हणतात. नगरपालिकेतला साहेबसुद्धा तिच्या पुढ्यात आला की टोपी काढून वाकतो. मी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी. तिच्याच छपराखाली राहते, परवापरवापर्यंत तिचे घेरदार पांढरे झगे धुवायचे, अजूनही खळ घालते, इस्त्री करते, आणि मला सगळे अनातालिया म्हणतात. नुसतं अनातालिया. आता हे सांगायला बसले तर लोक म्हणतील, म्हातारी जळते. जळते की. नऊ वर्षांची होते तेव्हापासून जळते आणि आता बहात्तरावं लागलंय. इतकी जुनी सवय कुणाच्या बोलण्यानं सुटत नाही.

आमची आई चिरुटांच्या कारखान्यात पानं वळायची. आम्हा दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, कारण पाद्री आमच्या खाडीकडे वर्षातून दोनदाच यायचा आणि आईला दोनदा सुट्टी मिळत नव्हती. बाप्तिस्मा झालेला नसला तर त्या काळी आमच्या देवाच्या अंगणातसुद्धा कुणी उभं करत नसे. कुणाला हे विचित्र वाटलं तर वाटो. गावाबाहेर मोठ्या फणसाखाली चुन्यानं रंगवलेल्या खोल्यांची ओळ आहे, तिथं ढोल वाजतात, आणि गुलाम म्हणून आणलेल्या आमच्या पणजोबांनी जहाजातून डोक्यात लपवून आणलेले देव तिथं माणसांच्या अंगात येतात. बाहेरचे याला कांदोंब्ले म्हणतात. आम्ही नुसतं अंगण म्हणतो.

ढोल वाजवायचे तर तेव्हा पोलिसांचा परवाना लागे, आणि परवाना असला तरी पोलीस येत ते येतच. म्हणून आईनं आम्हाला प्रार्थनेच्याही आधी एक गोष्ट शिकवली होती. कागद-पेन्सिल घेऊन कुणी दारात आला आणि धर्म विचारला, तर सांगायचं, "कॅथलिक, देवाची कृपा." ती मध्येच विचारायची, भांडी घासताना, केस विंचरताना. आम्ही झोपेतून उठून सांगायचो.

देओ सोळा वर्षांची असताना कारखान्यात पानं निवडता निवडता बाकावरून खाली कोसळली, आणि उठली ती देओ नव्हती. ओमोलू आला होता तिच्या अंगात, रोगराई देणारा आणि रोगराई काढून घेणारा देव. तिला उचलून अंगणात नेलं. त्या वेळी तिथली आई, म्हणजे अंगणाची प्रमुख, युलालियाआई होती, एका डोळ्यानं अधू, पण दोन डोळेवाल्यांहून जास्त बघायची. एकवीस दिवस देओला खोलीत ठेवलं, तिचं डोकं तासून देवाला वाहिलं; आमच्याकडची दीक्षा ती हीच. मी बाहेरच्या चुलीवर तिच्यासाठी चवळी शिजवत होते. आत सगळे तिच्याभोवती, आणि माझ्याभोवती धूर.

एकोणिसाव्या वर्षी मी एक उद्योग केला. आता सांगायला लाज नाही, तेव्हा मात्र गावात तोंड दाखवायची चोरी झाली होती. ढोल जोरात होते, देओच्या अंगात ओमोलू होता, लोक त्याच्या पायाशी लोळत होते. मला राहवलं नाही. मी डोळे फिरवले, खांदे उडवले आणि ओरडून अंगणाच्या मधोमध जाऊन पडले. अंगात आल्याचं सोंग. चांगलं वठलंही होतं. बायका माझ्या डोक्याला पांढरं फडकं बांधायला धावल्या. तेवढ्यात युलालियाआई माझ्या कानाशी वाकली आणि अगदी सहज म्हणाली, "अनातालिया, चवळी करपतेय."

मी उठून पळाले. चुलीपाशी जाऊन झाकण काढलं तेव्हा कळलं की चवळी करपत नव्हती. मागं अख्खं अंगण हसत होतं. ज्याच्या अंगात देव असतो तो चवळी बघायला पळत नाही.

त्यानंतर मी कधी प्रयत्न केला नाही. देवही माझ्याकडे फिरकले नाहीत. मी चौकात बसून चवळीचे वडे तळून विकले, लग्न केलं, नवरा समुद्रात गेला तो गेलाच, एक मुलगी वाढवली. आणि शनिवार आला की अंगणातली चूल पेटवायला हजर. पन्नास वर्षं.

युलालियाआई गेल्यावर कवड्या टाकल्या, कौल देओच्या बाजूनं पडला आणि ती अंगणाची आई झाली. चिरूट वळणं तिनं सोडलं नाही. दिवसा कारखाना, संध्याकाळी दारात रांग. ताप, गळवं, बाळ न राहणं, नवऱ्याचा संशय, सगळं तिच्याकडे. हीच माणसं शनिवारी आमच्या चुलीवरचं जेवून, गळ्यात आमच्या माळा घालून, रविवारी माळा शर्टाच्या आत सारून चर्चमध्ये जाऊन बसत. पाद्री व्यासपीठावरून सांगे की देवाच्या दयेनं आपल्या गावात इतके हजार कॅथलिक आहेत. देओ मागच्या बाकावर बसून हे ऐकायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

तिचं हे जळणं मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, हिलाही जळायला कुणीतरी आहे.

"दुखणी माझ्याकडे, नावं त्याच्याकडे," ती म्हणायची. "कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस."

तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला. सरकारची जी शिरगणती होते, तीत एकदा तरी आपला धर्म खरा लिहून घ्यायचा. आपण देशात किती आहोत ते कळलं पाहिजे, निदान आपण एक आहोत एवढं तरी. पण घरोघर सगळे प्रश्न विचारत नाहीत. मोठं पत्रक मोजक्याच घरांना पडतं, आमच्याकडे पाचांत एकाला, आणि कुणाला ते यंत्र ठरवतं. मागच्या खेपेला, बारा वर्षांपूर्वी, देओ सकाळपासून मोत्यांच्या माळा घालून पायरीवर बसली होती. माणूस आला, घरात किती जण, पाणी नळाचं की विहिरीचं, एवढं विचारून निघाला. ही त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली.

"अहो, धर्म विचारायचा राहिला."

"तुमच्या वाट्याला तो प्रश्न नाही, आजी," तो म्हणाला आणि गेला.

अंगणातल्या आईला आजी म्हणालेला तो पहिलाच माणूस. चार दिवस कुणी तिच्याशी बोलायला धजलं नाही.

यंदा पुन्हा शिरगणती आली. देओ चौऱ्याहत्तरची, गुडघे गेलेले. पुढच्या खेपेला असेन-नसेन म्हणाली. जुलैपासून दर शनिवारी जेवणाआधी सगळ्यांना बजावायची की कुणी विचारलं तर खरं सांगा. सगळे माना डोलवायचे. आमच्या आळीत पहिलं मोठं पत्रक पडलं ते कोपऱ्यावर नव्या पंथाचं प्रार्थनाघर काढलेल्या पास्टरच्या घरी. देओ त्या दिवशी जेवली नाही. यंत्रालासुद्धा तोच दिसला, म्हणाली.

याच जुलैत माझ्यावर काय बेतलं ते आता सांगते. माझी मुलगी लुसिदाल्वा, अडतीस वर्षांची, सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं देते. शहाणी, हिशेबी, देवाधर्माच्या फारशी नादी न लागणारी. ती मला न्यायला म्हणून एका शनिवारी अंगणात आली, ढोल चालू होते, आणि उंबऱ्यातच ओशुननं, गोड्या पाण्याच्या देवीनं, तिला धरलं. सोंग नव्हतं. मला सोंग कळतं.

एकवीस दिवस पोर खोलीत. मी चुलीवर. बाहेर आली ती डोकं तासलेली, पिवळ्या माळा, नजर खाली. सगळ्यांसमोर देओच्या पायाशी पालथी पडली आणि म्हणाली, "आई, आशीर्वाद." मी हातात पातेलं घेऊन उभी होते. नऊ महिने पोटात कुणी वागवली? माय मरो, मावशी जगो म्हणतात ते ऐकून होते, पण माय जिवंत असून समोर पातेलं घेऊन उभी होती त्याचं काय. वर अंगणात मोठेपण वयानं ठरत नाही, डोकं कधी वाहिलं त्यावर ठरतं. म्हणजे माझ्या पोटची पोर एकवीस दिवसांत माझ्याहून मोठी झाली. तिनं वाकायचं ते देओपुढे, आणि खरं पाहता मी वाकायचं ते तिच्यापुढे.

नव्या माणसाचं डोकं वाहिलं की पुढच्या शुक्रवारी त्याला पांढऱ्या कपड्यांत चर्चमधल्या प्रार्थनेला, मिसेला न्यायचं, ही युलालियाआईच्याही आधीपासूनची रीत. देओनं ती कधी मोडली नाही. ज्याच्यावर जळतेस त्याच्याच दारात दर वेळी नवं माणूस घेऊन जातेस, असं मी तिला कितीदा म्हटलं होतं. ती म्हणायची, मी देवाला सांगायला जाते, पाद्र्याला नाही.

त्या शुक्रवारी मीही पांढरा झगा घातला. खळ घातलेला, कडक. माझी मुलगी पहिल्यांदा अशी गावातून चालणार होती, मला तिच्या बाजूनं चालायचं होतं. देओनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू कुठं निघालीस? माणसं परत येतील जेवायला. चवळी कोण बघणार?"

ती टोमणा मारत नव्हती, हे मला ठाऊक आहे. तिला खरंच जेवणाची काळजी होती. पण लुसिदाल्वा हसली. बाकीच्या बायकाही हसल्या. मी झगा काढला, फडकं कमरेला गुंडाळलं आणि चुलीपाशी बसले.

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात फाटक वाजलं. निळं जाकीट, निळी टोपी, हातात यंत्र. मासळीच्या सोसायटीत काम करणारी रोझेनिल्दा, या शिरगणतीपुरती नेमलेली. तिनं यंत्रावर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अनातालिया, तुम्हाला मोठं पत्रक पडलंय."

मी तिला खुर्ची दिली. घरात कोण कोण, तिनं विचारलं. मी आणि बहीण. मुलगी नदीपलीकडे राहते. मग तिनं विचारलं, घरची कर्ती कोण लिहू?

"मी," मी म्हटलं. कुणी विचारलंच नव्हतं आजवर.

मग पुष्कळ प्रश्न झाले. शिक्षण, काम, किती मुलं जन्मली, किती जगली. शेवटी तिनं माझा धर्म विचारला, आणि माझी जीभ माझ्याआधी बोलून गेली. "कॅथलिक, देवाची कृपा." तिनं लिहिलं.

"आणि देओआईंचा? मला ठाऊक आहे म्हणा, पण विचारावं लागतं." तिचं बोट आधीच योग्य जागी गेलं होतं. तिच्या लेकाचा ताप देओनंच उतरवला होता.

"ती आत्ता कुठं आहे ते विचार ना," मी म्हटलं.

"कुठं आहेत?"

"मिसेला. पांढरे कपडे घालून गुडघे टेकून बसली असेल. मग काय लिहिशील?"

"खरंच तसं लिहू?"

"घरची कर्ती मी आहे ना? लिही कॅथलिक."

तिनं लिहिलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला गार वाटलं, भर उन्हातून येऊन पाय पाण्यात सोडावे तसं. रोझेनिल्दा गेल्यावर मी चवळी ढवळली. अजिबात करपली नव्हती.

देओला रस्त्यातच कुणीतरी सांगितलं होतं. ती गुडघे विसरून फाटकातून आत आली.

"मोठं पडलं?"

"मोठं."

"धर्म विचारला?"

"विचारला."

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

यात एक शब्द खोटा नव्हता. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना तंबाखूचा वास येतो, कारखाना बंद होऊन वर्षं झाली तरी येतो. मग चर्चचे कपडे न बदलता बाहेर पडली. शनिवार संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की देओआई सरकारच्या वहीत लागली.

रविवारी दुपारी ओमोलूचं जेवण होतं. ऑगस्टमधलं हे मोठं जेवण, एरंडाच्या पानावर सगळे पदार्थ थोडे थोडे वाढतात आणि हातानं खातात, वर देवाच्या नावानं लाह्यांचा पाऊस. अंगण गच्च भरलं होतं. जेवणं आटोपली, तसे देओनं हात वर करून ढोल थांबवले. भिंतीपाशी युलालियाआईची खुर्ची असते, तिच्यावर कुणी बसत नाही. देओनं मला हाताला धरून नेलं आणि त्या खुर्चीवर बसवलं.

"हिनं मला मोजणीत घातलं," ती सगळ्यांना म्हणाली. "पन्नास वर्षं या अंगणाला हिनं जेवू घातलंय आणि मी हिला कधी बसायला सांगितलं नाही."

मग तिनं लुसिदाल्वाला खूण केली. माझी पोर आली, तासलेलं डोकं माझ्या पायांवर टेकवून म्हणाली, "आई, आशीर्वाद." लोकांनी टाळ्या वाजवल्या. देओ स्वतः माझ्या डोक्यावर लाह्या टाकत होती. जन्मभर ज्याच्यासाठी जळले ते सगळं एकदम माझ्या मांडीत पडलं होतं, आणि मला ते खुर्चीवरचे खिळे टोचावेत तसं टोचत होतं.

"चवळी करपतेय," मी म्हटलं आणि उठले.

कुणी हसलं नाही. जुनी माणसं आता उरली नाहीत, तो विनोद कुणाला माहीत असणार. एक देओ सोडून. ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि दार लोटलं.

"चूल विझलेली आहे, नाता," ती म्हणाली. लहानपणानंतर तिनं मला नाता म्हटलं नव्हतं.

"तुला कॅथलिक लिहिलंय मी."

ती ओट्याला टेकली. बाहेर ढोल पुन्हा सुरू झाले होते.

"का?"

"माझी पोर घेतलीस."

"मी कुठं घेतली? ओशुननं घेतली."

"ओशुनवर जळून काय करू? जळायला तूच आहेस."

तिनं माझ्या केसांतली एक लाही काढली. मग म्हणाली, "तू बाळंत झालीस तेव्हा मीच नाळ कापली. ती पोर तुझ्या अंगावर ठेवली आणि बाहेर जाऊन फणसाला डोकं आपटून घेतलं मी. मला डोकी पुष्कळ मिळाली नाता, पोर नाही मिळालं." आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "उद्या सकाळी तयार राहा. कुठं बसते ती रोझेनिल्दा?"

रोझेनिल्दा शाळेच्या एका वर्गात बसायची. देओनं सगळ्या माळा घातल्या होत्या, डोक्याला नवं फडकं बांधलं होतं. रोझेनिल्दानं उठून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. पत्रक अजून वर पाठवलं नव्हतं, म्हणाली, तिला तेव्हाच शंका आली होती. मग खुर्चीत बसून तिनं यंत्र पुढ्यात घेतलं, पाठ ताठ केली आणि सरकारी आवाजात विचारलं, "देओक्लेसिया, आपला धर्म किंवा पंथ कोणता?"

देओनं तोंड उघडलं. "कॅथलिक, देवाची कृपा."

देओनं तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे मी असे कधी पाहिले नव्हते. सात वर्षांची देओ होती ती, आईच्या मांडीशी केस विंचरून घेणारी, दारात बूट वाजलेले ऐकणारी. ज्या प्रश्नासाठी आयुष्यभर पायरीवर बसली, तो आला तर आतून आईच बोलून गेली.

मला गप्प बसता आलं असतं. माझं पापही धुऊन निघालं असतं. तिच्या तोंडचंच होतं की.

"कांदोंब्ले," मी म्हटलं. "कांदोंब्ले लिही, रोझेनिल्दा. हिच्या अंगात अठ्ठावन्न वर्षं ओमोलू येतो. मी डोळ्यांनी पाहिलंय, मीच चूल सांभाळत होते."

रोझेनिल्दानं देओकडे पाहिलं. देओनं तोंडावरचा हात न काढता मान हलवली. तिच्या गालांवरून पाणी गळ्यातल्या मोत्यांवर पडत होतं.

"आणि तुमचं, अनातालिया? ते तसंच ठेवू?"

"मला कुणी बोलावलं नाही कधी," मी म्हटलं.

"इथं बोलावणं लागत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ते लिहायचं."

मी सवयीनं देओकडे बघितलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"तेच लिही," मी म्हटलं. "हिचं तेच माझं."

रोझेनिल्दानं लिहिलं आणि एकदा वाचून दाखवते म्हणाली. "पहिलं नाव अनातालिया, घरची कर्ती, कांदोंब्ले. दुसरं नाव देओक्लेसिया, कर्तीची बहीण, कांदोंब्ले."

देओची मान खिडकीकडून गर्रकन वळली.

"दुसरं?"

रोझेनिल्दानं यंत्र मिटलं होतं. शाळेच्या पायऱ्या उतरताना देओनं माझा हात धरला. फणसाखाली आल्यावर थांबली.

"अंगण माझं आहे," ती म्हणाली.

"अंगण तुझं. घर माझं. सरकारनंच लिहिलंय."

तिनं माझा हात सोडला. तेव्हापासून झगे तिचे तीच धुते, माझ्या इस्त्रीत दोष काढते, आणि रोज पहाटे उठून फणसाभोवती गुडघ्यांचा व्यायाम करते. पुढची मोजणी दहा वर्षांनी आहे. तोवर मरायचं नाही असं तिनं ठरवलंय, कारण त्या दिवशी दार तिला उघडायचं आहे.